आमेनला थांबलेली माणसं

धाकट्या,

रविवारच्या प्रार्थनेसाठी कामगारांना गोदाम द्यायला मला खरं लागलं ते एवढंच: एक किल्ली, तीस खुर्च्या आणि अकरा वर्षांचा हट्ट सोडणं. तू देशोदेशी प्रभूची आशा सांगायला निघालास, तेव्हा मी सुनावलं होतं, "जा, परक्यांना वाटत फिर. आईने शिकवलेली प्रार्थना मी झोपेतही म्हणेन." हे पत्र पाठवायचं धाडस होईलसं वाटत नाही.

आता माझ्याकडे पाच देशांचे सुतार आहेत. तीच प्रार्थना जो तो आपल्या भाषेत म्हणतो. ज्याची आधी संपते तो गप्प थांबतो, आणि शेवटच्याची झाली की सगळे मिळून आमेन म्हणतात. एरवी माझ्या कारखान्यात हळू माणसासाठी मी कुणाला थांबू देत नाही.

गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. पॉलिशवाल्या बाईंना कुणकुण लागली होती. गेल्या रविवारी मला गोदामाच्या दाराआड ऐकताना पाहून त्या म्हणाल्या, "साहेब, आत या. ही आशा मालकांनाही चालते."

सगळे हसले. मी बसलो, म्हणू लागलो, आणि क्षमेच्या ओळीशी तुझा चेहरा समोर आला. पुढचे शब्द आठवेनात. कुणी खोकलंसुद्धा नाही. त्या दिवशी प्रार्थना संपवायला सगळ्यांत जास्त वेळ मला लागला.

तुझा,
दादा