धनश्रीच्या मापाची सायकल

॥ श्री ॥
पिंगळी शिवार, ७ जुलै २०२४

ती. विरेशमामांस धनश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तुमच्या दुकानातल्या हातोड्याखेरीज काही ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. शेतातल्या आखाड्यावरच्या घरात राहायला आल्यापासून पिंगळीच्या दवाखान्यात पोचायला मला रोज उशीर होतो. यांची मोटारसायकल पहाटेच दूध घेऊन परभणीला जाते. डॉक्टर म्हणाले, महिनाभरात वेळ पाळली नाही तर दुसरी मुलगी ठेवू. मला ही नोकरी सोडायची नाही, मामा. कामावर जायला कोणती सायकल बरी?

मामींना नमस्कार. लोभ आहे तेवढा तरी ठेवा.

आपली,
धनश्री

मानवत, ११ जुलै

चि. सौ. धनश्रीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मामाचं सायकलींचं दुकान आणि भाची पायी, ही माझ्या दुकानाची शोभाच म्हणायची. गिअरची सायकल दिसायला देखणी, पण आपल्या काळ्या मातीत तिच्या दातांत चिखल बसतो. बारीक टायरची आखाड्याच्या वाटेवर टिकत नाही. जाड टायरची, दांडा नसलेली घे. मडगार्ड मी उंच बसवून देतो, म्हणजे चाक अडकणार नाही. सव्वीस इंची पाठवू का?

तुझा मामा,
विरेश

पिंगळी शिवार, १५ जुलै

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

सव्वीस इंची उंच वाटते. सीट अगदी खाली होते का? हँडल जड मिळेल का, म्हणजे हलणार नाही? थांबली की पडत नाही ना?

धनश्री

मानवत, १८ जुलै

चि. सौ. धनश्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून मामी म्हणाली की पोरीला सायकल येतच न्हाई, आन तुमी मडगार्डाचं काय सांगायलाव. मग आठवलं, तुमच्या घरच्या सायकलीवर तुझे भाऊ शाळेत जायचे आणि तू मागं कॅरिअरवर. तुझी पाळी कधी आलीच नाही. फार वाईट वाटलं. चोवीस इंची पाठवतो, दोन्ही पाय जमिनीला टेकतील. मंगेशरावांना चार दिवस मागून धरायला सांग. लाजू नकोस.

मामा

पिंगळी शिवार, ३० जुलै

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

सायकल पोचली. यांना दुधातून सवड नाही, म्हणून सासूबाईच पदर खोचून मागं धावल्या. दोघी मिळून चिखलात पडलो, गुडघे सोलले. पण काल मी डॉक्टरांच्या आधी दवाखान्यात हजर होते. ते म्हणाले, उद्यापासून किल्ली तूच ठेव. नोकरी राहिली, मामा.

मामींना सांगा, त्यांनी ओळखलं म्हणून निभावलं. माया कमी पडू देऊ नका.

आपली,
धनश्री

ता. क. मी घरी आले की सासूबाई सायकल अंगणात नेतात. आता मला धर म्हणतात. त्यांचे पाय पुरत नाहीत. वीस इंची असेल तर पाठवा.