कोलारची बाही

पॅरिस, २० फेब्रुवारी

ती. पेरनेलताईस,
धाकट्या आंसेलचा लांबूनच वाकून नमस्कार. वि. वि.

फादर, हे तुम्हीच ताईला वाचून दाखवणार, तेव्हा अक्षराला हसू नका. दोन हिवाळ्यांत शिकवलंत तेवढंच येतं.

मी बरा आहे. खळीनं हात मात्र सोलून निघालेत. राजेसाहेब गेल्यापासून राजवाड्याच्या धुलाईघरात राणीसाहेबांच्या सुतकाच्या पांढऱ्याशिवाय काही येत नाही. सगळा दरबार काळ्यात, त्या एकट्या पांढऱ्यात. चाळीस दिवस खिडक्या बंद करून मेणबत्तीच्या उजेडात बसल्या. परवा बाहेर आल्या, आणि रिवाजाप्रमाणे खोलीचे पांढरे पडदे नोकरांत वाटले. मला सात हात तलम कापड मिळालं. कुणासाठी ठेवलंय ते तुला सांगायला नको.

पण गावचा गाडीवाला भेटला. म्हणाला, मारोय अजून काळ्यातच आहे. ताई, तिचा नवरा कोलार मरून सव्वा वर्ष झालं! इथे कपड्यावरून कळतं, कुणाच्या मनात कोण किती दिवस आहे. राणी चाळीस दिवसांत खोलीबाहेर येते, आणि एका विणकऱ्याच्या बायकोला सव्वा वर्ष पुरत नाही? जिवंतपणी त्यानं तिला माझ्यासमोरून नेली, ते मी गिळलं. आता मातीखालूनही हात सोडत नाही म्हणजे काय? तिला सरळ विचार, काळं कधी उतरवणार. ईस्टरपर्यंत उतरलं नाही, तर हे कापड घालायला दुसरी अंगं आहेत.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढलाच तर मी नको म्हणणार नाही.
आंसेल

वेर्माँ, ९ मार्च

चि. आंसेल यास ताईचे आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

फादर लिहून देताहेत, म्हणून शिव्या गाळल्या आहेत. तांबू गाईला कालवड झाली. तुझे भावोजी खोकतात, पण जेवतात.

लहानपणी मी बदकाला तुझ्याआधी भरवलं, तर तू बदकाशी अबोला धरला होतास. आता मेलेल्या माणसाशी भांडतोस. मारोयला विचारलं. आधी हसली, मग तोंड फिरवून सूत गुंडाळत बसली. म्हणाली, राजवाड्यातल्या माणसाला हे कळायचं नाही. धीर धर.

माया आहेच, पण तू अंत बघू नकोस.
पेरनेल

पॅरिस, २६ मार्च

ती. ताईस नमस्कार.

कळायचं नाही? सगळं कळलं. त्याच्या नावानं जन्मभर काळं घालणार, आणि मी इथे राणीच्या कपड्यांना चुण्या घालत बसणार. कापड झिलेतला देऊन टाकलं. ती माझ्या शेजारच्या टाकीवर धुते, खळखळून हसते, आणि तिच्या मनात कुणी मेलेला नाही. एक बाही शिवूनही झाली. मारोयला हे मुद्दाम सांग.

राग तुझ्यावर नाही. लोभ असू दे.
आंसेल

वेर्माँ, ७ एप्रिल

आंसेल,

गाढवा. (हा शब्द फादरांनी न सांगता लिहिला.)

मी मारोयला काही सांगितलं नाही. तिच्या घरी जाऊन बसले आणि उठलेच नाही, तेव्हा बोलली. तिच्याकडे धड झगा एकच. तोच निळा, जो घालून ती संत योहानच्या होळीपाशी तुझ्याबरोबर नाचली होती. त्या रात्री तू तिचे कोलारबरोबरचे नाच मोजत होतास. कोलार गेला तेव्हा शवपेटीमागून चालायला काळं हवं, नवं घ्यायची ऐपत नाही. तिनं तो काळ्या रंगाच्या कढईत बुडवला. आता निळं परत कसं येणार? काळं उतरवून बाजारात काय नुसत्या अंतर्वस्त्रावर जाऊ, असं तिनं मला विचारलं. पांढरं धुणाऱ्या राजवाड्यातल्या माणसाला हे कळवायची लाज वाटली, म्हणून गप्प बसली.

कोलारसाठी रडली ती, खोटं कशाला सांगू. भला माणूस होता. पण तिनं मला झग्याची खालची दुमड उसवून दाखवली. आत बोटभर निळं राहिलंय. अधूनमधून उघडून बघते म्हणाली.

आता तुझं तू बघ.
पेरनेल

पॅरिस, ईस्टरनंतरचा मंगळवार

ती. पेरनेलताईस आंसेलचा नमस्कार, या वेळी अगदी पायांवर डोकं ठेवून.

कापड परत मागितलं. झिलेतनं आधी ओली चादर तोंडावर हाणली, मग कापड. शिवलेली बाही मात्र देईना, आणि तिचं बरोबर आहे. सगळं धुलाईघर मला हसतंय. हसू दे.

गुरुवारी गाडीवाल्याबरोबर निघतो. रंगाऱ्याला निळीचं पिंप तयार ठेवायला सांग. कापड एका बाहीनं कमी पडेल. मारोयला विचार, जुन्या काळ्या झग्याची बाही काढून तिथे लावली तर चालेल का. गावानं बघितलं तर बघू दे. एक बाही कोलारची राहील. तेवढी मी सोसेन.

तुझी माया होती म्हणून वाचलो. ती अशीच राहो.
आंसेल

ता. क. काळी बाही उजव्या हाताला लावा म्हणावं. नाचताना तिचा डावा हात माझ्या हातात असतो.