खिळ्याचा पाय

विठ्ठलवाडी,
नोव्हेंबर १९९३

प्रिय कुमुदिनी,

वहिनी म्हणत नाही, कारण परवा अंबरनाथच्या बास्केटबॉल कोर्टवर सगळ्यांसमोर तूच म्हणालीस की आजपासून आपलं नातं संपलं. ठीक आहे बाई. मग लग्नाआधीची, एका टीममधली मैत्रीण म्हणून तरी वाच. न वाचता फाडशील तर तुला माझ्या सोमादादाची शप्पथ आहे.

तुझा राग मला कळतो. जिल्ह्याच्या निवड चाचणीत आमूला चार वेळा 'स्टेप्स' दिले ते मीच, तिच्या सख्ख्या आत्याने. तिची निवड हुकली, आणि आता तुमच्या कात्रप वस्तीभर झालंय की वेणूला स्वतःचं मूलबाळ नाही, म्हणून भावाच्या पोरीचं चांगलं बघवत नाही. तरी सांगते, चारही शिट्ट्या बरोबर होत्या. चुकीच्या असत्या तर किती बरं झालं असतं!

आपले शिवराम सर आठवतात ना? चेंडू हातात असला की एक पाय जमिनीला खिळलेला पाहिजे, दुसरा हवा तिकडे फिरवा; खिळलेला सरकला की स्टेप्स. सर त्याला 'खिळ्याचा पाय' म्हणायचे. तुझा तो हमखास सुटायचा आणि सर ओरडायचे, कुमुदिनीबाई, खिळा कुठे विकलात, कॅम्पातल्या भंगाराच्या दुकानात की काय? आपण पोट धरून हसायचो. मी रेफरी झाले तेव्हा त्यांनी एकच बजावलं, चेंडूकडे सगळं जग बघतं, तू पाय बघ. तेव्हापासून कोर्टवर मला कुणाचे चेहरे दिसतच नाहीत. आमूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे, तेही मला दुसऱ्यांकडून कळलं.

मी तिचा पाय बघत होते. आमू काही तुझ्यासारखी धांदरट नाही. गेल्या वर्षी मला तिला एकदाही स्टेप्स द्यावे लागले नव्हते. परवा मात्र प्रत्येक वेळी तोच, डावा पाय. तिने तो उचलला नाही कुमे, तिला तो धरवला नाही. वळली की पंजा फरफटत जायचा आणि पोरीला पत्ताच नाही. नुसती हात पसरून उभी राहायची, काय केलं मी म्हणून. मॅच सुटल्यावर बूट तिथेच भिरकावून ती निघून गेली. ते माझ्याकडे आहेत. उजवा चांगला आहे. डाव्याच्या टोकाला घासून घासून भोक पडलंय.

दादाची चप्पल आठव. एमआयडीसीतली पाळी संपवून यायचा, गॅलरीतून डावी चप्पल खरडत खरडत यायची, आणि अख्खी चाळ म्हणायची, सोमा आज पण टाकून आला. ज्याने जन्मात दारूला हात लावला नाही! तू आत बसून रडायचीस. आई त्याला बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं करून शपथ घ्यायला लावायची. हे नसांचं दुखणं आहे हे कळेपर्यंत तो भिंत धरून चालायला लागला होता. मग आपण त्याला उचलून न्यायचो. मग उचलून न्यायलाही तो राहिला नाही. आमू तेव्हा रांगत होती. डॉक्टर म्हणाले होते, हे रक्तातून पुढे जाऊ शकतं, मुलीवर लक्ष ठेवा. त्यानंतर आपण दोघी त्याबद्दल कधी बोललोच नाही.

हे तोंडाने सांगायला तुझ्या जिन्यापर्यंत आले आणि तशीच परत फिरले, म्हणून लिहिलं. पाय नीट टाकत नाहीस म्हणून तिला रागावू नकोस. जास्त पळायलाही लावू नकोस. मुरगळला असेल म्हणून सांग आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ने. म्हणशील तर मीही येते. मला आशा नाही, खोटं कशाला बोलू? दादासाठी आपण काय करू शकलो? पण ती तुला विचारील, आत्याने मुद्दाम केलं का? तिला हो म्हण. आत्या जळकी आहे, आत्याला धड दिसत नाही, वाट्टेल ते सांग. डॉक्टर काय ते सांगेपर्यंत तिला माझाच राग येऊ दे, तिच्या पायाचा नको.

तू नाही म्हणालीस तरी तुझीच,
वेणू