सुपातली खोट

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला मला सोपं जातंय. समोर असतात तर हिंमत झाली नसती. तुमचा आधी हात चालायचा, तोंड नंतर. वणीतल्या आपल्या बुरूड मोहल्ल्यात, घरापुढच्या टिनाखाली, सातवीत असताना मी बांबूचं पहिलं सूप विणलं. तुम्ही डोळे मिटून काठाकाठानं अंगठा फिरवला, एका जागी थांबलात आणि शेजाऱ्यांसमोर सगळं उकलून टाकलं. "हे सूप हाय का चाळणी? विण परत." असं तीनदा. माझ्या बोटांतून रक्त निघतंय आणि तुम्ही निवांत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटताय. त्याचा राग मला आजही येतो. पण पुढे प्रत्येक सूप बाजारात नेण्याआधी तुम्ही माझ्याच पुढ्यात टाकायचात. "तू पाय. माये डोळे चुकतीन, तुयं बोट नाई चुकत."

साडीच्या दुकानात लागले तेव्हा मी सांगितलं, आमची घाटंजीकडे शेती आहे. बुरडाची पोर म्हटल्यावर कोणाचं तोंड कसं होतं, ते मला रोज पाहायचं नव्हतं. दुकान कोणतं, हे तुम्हालाही सांगितलं नव्हतं. मग मालकिणीनं पोरीच्या लग्नासाठी पाच सुपं सांगितली आणि ती घेऊन तुम्हीच पायऱ्या चढलात. मी नजर वळवली. तुम्ही समजलात, हाक मारली नाही. "धड हायेत का पाय बरं," म्हणत मालकिणीनं एक सूप माझ्या हातात दिलं, आणि माझे डोळे आपोआप मिटले, अंगठा काठाकाठानं फिरला. गिऱ्हाईक सूप उजेडात धरून बघतं. डोळे मिटून अंगठ्यानं फक्त बुरूडच बघतो. मालकीण टक लावून पाहत होती. "तुले कुठून येते वं हे?"

"आमच्या घरी धान्य पाखडतो ना जी आम्ही," मी म्हणाले. "यात खोट आहे. घेऊ नका."

एरवी गिऱ्हाइकाच्या अंगावर जाणारे तुम्ही, पाचही सुपं उचलून मुकाट उतरलात.

घरी मार पडणार, हे धरूनच मी आले. तुम्ही ते सूप मांडीवर घेऊन चाचपत होतात. "कुठं हाय खोट? मले सापडून नाई राह्यली." मी कुठेतरी बोट ठेवलं. तुम्ही तिथे कितीदा तरी अंगठा फिरवला, मग आईला म्हणालात, "डोळे गेलतेच, आता अंगठाही गेला." मी ओळख दाखवली नाही, त्याचा मार पडलाच नाही. त्यानंतर तुम्ही सूप विणलं नाही. तिरडीचे बांबू तेवढे विकत बसलात, आणि दोन वर्षांनी त्यातल्याच बांबूंवर गेलात.

दहा वर्षं झाली. आई अजून त्याच सुपात तांदूळ पाखडते. काल ती शेजारी गेली असताना मी त्यावर अंगठा फिरवला. बाबा, खोट नाही. तेव्हाही नव्हती, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही लवकर पायऱ्या उतराव्यात, एवढंच मला हवं होतं.

आईला हे सांगितलेलं नाही. हा कागद साडीच्या खोक्यात घडी करून ठेवतेय. दुकानात आमची आजही घाटंजीकडे शेती आहे.