राबाच्या धुराआड

प्रिय आई,

काल तुझं तेरावं आटोपल्यावर मी वासंतीला झापलं, म्हणून हे पत्र. तुझ्या लुगड्यांच्या घड्या घालताना ती हुंदके देत होती. मी म्हटलं, "पुरे आता! रडून भात पिकत नाही." तुझंच वाक्य!

ती ताडकन म्हणाली, "ताई, आईला राब तरी होता गो. तुला काय हाय?" आणि टोकावड्याच्या आपल्या या घरात माझ्याशी बोलायचीच थांबली.

रात्रभर चिडले. मग आठवलं.

बाबा गेले तो उन्हाळा. नवं राज्य झालं म्हणून मुरबाडच्या आमच्या शाळेत पेढे वाटले होते. तू बाबांच्या मयताला रडली नाहीस. पण पेरणीआधी वाफ्यावर शेण नि पाला पसरून राब भाजायचा, ते काम कोणाला दिलं नाहीस. नाकातोंडाला फडकं बांधून मुद्दाम धुराच्या अंगाला उभी राहिलीस. डोळ्यांतून धारा!

मी शहाणी, तुझा हात ओढला. "आई, वारा इकडून आहे, पलीकडे हो ना!"

"गप ऱ्हा गो. माजा धूर मला खाऊ दे."

काकूसुद्धा हसली, "वयनी, डोले फुटतील तुजे!" तिला तरी कळलं होतं का?

वासंतीला कळलं होतं. मला का नाही सांगितलंस? थोरली म्हणून? मला फक्त कोरडे डोळे दाखवलेस, आणि मी तेच खरं मानलं! कॉलेजात नापास झाले तेव्हा स्वतःला शिव्या दिल्या. पहिलं मूल पोटातच गेलं, तर तिसऱ्या दिवशी वर्गावर उभी. रडू आलं की मीच मला दरडावते, 'नाटकं पुरे.' वर्गातल्या एका पोरीला तरी असं बोलले असते का?

राग येतो, आई. तुझा, माझा. रडायला धुराची परवानगी का लागावी?

हे लिहिताना कागद दोनदा ओला झाला. पुसला नाही. आता माजघरात जाते, वासंतीपाशी बसते. डोळे धुऊन जाणार नाही, हा शब्द. ती विचारेल, तर 'डोळ्यांत धूर गेला' म्हणणार नाही.

तुझी,
थोरली

ता. क. वासंतीला दिली : तुझी सगळी लुगडी. तिच्याकडून घेतलं : तुझं राबाचं फडकं. न धुतलेलं.