पुढचा शब्द तिचा

सोमवार, ३ फेब्रुवारी

लिही, मी काही वावगं बोलले नाही. लिहिलंस? आता त्याच्याखाली लिही — बोलले.

सूनबाई हसतेय. हसू दे. मला अक्षर येत नाही आणि तिला राग धरता येत नाही, म्हणून ही वही चालते. वहीतलं बाहेर सांगणार नाही अशी शपथ घेतली आहे तिनं, दुकानातल्या शिवणयंत्रावर हात ठेवून. आमच्या घराचं पोट त्यावर भरतं, त्यामुळे शपथ पक्की.

तर शनिवारी नातीच्या सासरची माणसं आली होती. लग्नाला चारच आठवडे उरलेत. नवरामुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. शांत आहे, जेवतो बरा. त्याच्या आईनं नातीला विचारलं, "लग्नानंतर कामाचं काय ठरवलंयस गं?" नात घड्याळं दुरुस्त करते, आणि लहानपणापासून बोलताना अडखळते. "मला..." म्हणाली आणि थांबली. ओठ हलतायत, आवाज नाही. सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत. मला बघवेना! मी म्हटलं, "हिला कसली कामाची हौस! घर सांभाळेल, दुसरं काय?"

विहीणबाई खूश. "बरंच झालं बाई," म्हणाल्या.

नातीनं तोंड मिटलं. तेव्हापासून ते माझ्यापुरतं मिटलेलंच आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नात चहा समोर ठेवते आणि जाते. कपाचासुद्धा आवाज करत नाही. इतकं गप्प कुणी असतं?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चष्मेवाला दुकानात आला. पँट कमरेत सैल होते म्हणे. माझ्या मुलानं दोनदा माप घेतलं, पँट अगदी बेतशीर! मग मुलगा शहाण्यासारखा आत गेला आणि चष्मेवाला माझ्याजवळच्या स्टुलावर बसला.

"आजी, ती काम सोडणार नाहीये. घड्याळजींनी तिला खिडकीजवळचं वेगळं टेबल दिलंय. जुनी भिंतीवरची घड्याळं आता तीच बघते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच. परवा तासभर बोलत होती."

तासभर! माझ्याशी तिचं आयुष्यभराचं बोलणं जोडलं तरी तासभर भरायचं नाही.

"तुझ्याशी अडखळत नाही होय?"

"अडखळते की. मग पुढे जाते."

आईला तू का नाही सांगत, असं विचारलं, तर म्हणाला, "ती नको म्हणाली. तिला स्वतः सांगायचंय." पँट तशीच घडी करून घेऊन गेला.

जेवले नाही आज. सूनबाई, खोटं कशाला लिहायचं. थोडं जेवले.

रविवार, ९ फेब्रुवारी

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी आज सौम्य बोलण्यावर उपदेश दिला. मी मान डोलवत होते आणि दुसऱ्या बाकावरच्या दोघीतिघींकडे बघत होते, त्यांना नीट ऐकू जातंय ना म्हणून. माझ्या तोंडून कधी शिवी गेली नाही. मला वाटायचं सौम्यपणा म्हणजे तेवढाच.

नंतर बाहेर पाळकसाहेबांना गाठलं. नातीचं सगळं सांगितलं. "आजी, मला असं वाटतं की—" ते म्हणाले.

"धीर धरायला हवा, हो ना?" मी म्हटलं.

ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आजी, मला वेगळंच म्हणायचं होतं!"

आणि मग सांगितलं. रस्त्याकडेला बसलेला आंधळा प्रभूला हाका मारत होता. लोक म्हणत होते, गप्प बस. प्रभूनं त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, तुझ्यासाठी मी काय करू? "आता आंधळ्याला काय हवं असणार, हे न कळण्यासारखं आहे का? तरी विचारलं. आणि त्याला बोलू दिलं."

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. मी त्या जागी असते तर म्हटलं असतं, कळलं रे, डोळे ना, हे घे. बरा झाला असता तो. पण त्याचं बोलणं त्याच्या तोंडातच राहिलं असतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

उपाय काढला. चाळीस वर्षं मी हातानं काजं केली, बटणं लावली. दुकानात बटणांना तोटा नाही. कोटाचं मोठं बटण, चार भोकांचं. नात खोलीत आली की जिभेखाली. सूनबाई म्हणते, आई, चव कशी आहे? हिच्याही तोंडात एक घालते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

जेवताना तोंडात बटण कसं ठेवणार? काढून ताटाशेजारी ठेवलं. नात बापाला म्हणाली, "बाबा, उद्या मला..." आणि अडली. मी घास गिळला. पाणी प्यायले. भिंतीकडे बघितलं. आणि तरी — "लवकर निघायचंय!" गेलं तोंडातून.

ती ताटावरून उठली. उद्या तिला सुट्टी होती.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज सूनबाई वही उघडून बसली आणि तीच बोलली. "आई, लिहिण्याआधी एक सांगू? रागावू नका."

पाळकसाहेबांनी नातीला सुचवलं होतं, वेदीपुढे नुसतं 'होय' म्हटलंस तरी चालेल. ती नाही म्हणाली. वचनं सगळी म्हणणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वतःच्या तोंडानं. "पण ती म्हणते..." सूनबाई पेनाचं टोपण काढतेय, लावतेय. "आजी पुढच्या बाकावर नको. मी अडकले की ती म्हणून टाकेल."

मी म्हटलं, "मग नवरा माझ्याच गळ्यात पडायचा!"

सूनबाई हसली नाही. तिचे डोळे भरले. तेव्हा मला कळलं की हे खरं आहे.

नातीचं बाप्तिस्म्याचं झबलं मी शिवलं. शाळेत पोरं हिला हसायची, नक्कल करायची. दारापासून शाळेपर्यंत हात धरून मीच न्यायचे. हसायला कुणाला वेळच मिळू नये म्हणून पटकन शब्द पुढे करायचे. तिचा अपमान होऊ नये म्हणून! वीस वर्षं झाली. हसणारी पोरं आपापल्या वाटेला गेली. मी राहिले.

लिही — मागे बसेन.

रविवार, १६ फेब्रुवारी

प्रार्थनेला बसले. प्रभू, मी काय करू, असं विचारलं, आणि लगेच म्हटलं, कळलं, गप्प बसू, बरं, आमेन. उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले. त्यालाही बोलू देत नाही की मी!

परत जाऊन बसले. काही ऐकू आलं नाही. पण बसले.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुपारी घड्याळजींच्या दुकानात गेले. खिडकीजवळ खरंच टेबल आहे. ती डोळ्याला भिंग लावून बसली होती. मी म्हटलं, "चुकलं माझं." एवढंच. कारणं ओठांपर्यंत आली होती, चांगली मोठाली. दिली नाहीत.

तिनं भिंग काढलं. काहीतरी म्हणायला गेली. अडली. मी उभी राहिले. घड्याळजींनी स्टूल दिलं, त्यावर बसले. ती बराच वेळ प्रयत्न करत होती. मग मान हलवली, भिंग लावलं, कामाला लागली.

माफ केलं म्हणत होती की जा म्हणत होती, काय कळणार? नाही कळलं. तशीच घरी आले. फार जड गेलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

विहीणबाई मापाला आल्या. मी कोपऱ्यात, बटण तोंडात. नात त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सांगितलं. किती वेळ लागला म्हणून सांगू! विहीणबाईंच्या ब्लाउजची एक बाही टाचून झाली तेवढ्यात. त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, आता म्हातारी सांगेल म्हणून. म्हातारी छताकडे बघत होती.

"मी... काम... सोडणार नाही."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "आमचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वर्षभर बंद आहे. येशील तेव्हा बघ." माझी विहीण वाईट नाही.

पोर माझ्याशी मात्र अजून बोललेली नाही.

रविवार, २ मार्च

काल लग्न झालं.

मी शेवटच्या बाकावर, घंटा वाजवणाऱ्याच्या शेजारी. तिथून नुसत्या पाठी दिसतात. कोणाचे केस विरळ झालेत ते पहिल्यांदाच कळलं. माझ्या मुलाचेही झालेत.

तिनं वचनं सुरू केली. हळू, पण स्पष्ट. सुखात, म्हणाली. आणि पुढच्या शब्दाला अडली.

पंखे फिरताहेत. कोणी खोकलं. पुढच्या बाकावरून सूनबाईनं वळून माझ्याकडे बघितलं — हो, बघितलंस, लिही! पाळकसाहेब पुस्तक धरून उभे, काही सांगेनात. चष्मेवाला तिच्याकडे असा बघत होता की जणू ती बोलतेच आहे. मला शब्द ठाऊक होता. सगळ्या देवळाला ठाऊक होता. तो माझ्या दातांपर्यंत आला, प्रभू, शप्पथ सांगते, दातांपर्यंत! मी तोंड घट्ट मिटलं, आवंढा गिळला, आणि त्याबरोबर बटण गेलं पोटात.

"दुःखात," ती म्हणाली. पुढचं सगळं म्हणाली. तिचं तिनं.

घंटावाला माझ्या पाठीवर थापट्या मारत होता. त्याला वाटलं मी रडतेय. रडतही होते.

सूनबाई म्हणते डॉक्टरकडे चला. मी म्हटलं, इतकी वर्षं एक शब्द कधी गिळला नाही, आता एक बटण पचेल.

दारात नातीनं माझा हात धरला. ओठ हलले. मी थांबले. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, लोकांनी तिला ओढून नेलं, गाडी लागलेलीच होती. राहिलं.

गुरुवार, ६ मार्च

चहा सूनबाई देते. कप दणकन ठेवते. सांडतो. चालायचंच.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी फोन वाजला. सूनबाईचे हात कणकेत, म्हणून मी घेतला. पलीकडे कोणी बोलेना, नुसता श्वास. ठेवणारच होते, आणि कळलं. फोन वाजला की खोलीबाहेर जाणारी माझी पोर, तिनं स्वतः लावला होता! मी खाली बसले. गॅसवर दूध उतू गेलं, सूनबाई ओरडली, तिला हातानंच गप्प केलं.

"आजी... मा... माझ्याकडे राहायला ये. मला तु... तुझ्याशी बोलायचंय. खूप."

बास. पुढचं लिहू नकोस. पेन ठेव, आणि कपाटावरची माझी बॅग खाली काढ.