झाकलेल्या वाट्या

मॉरिसव्हिल, ४ सप्टेंबर २००४

ती. सौ. सुनेत्राताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सासूबाई कानाशीच असतात, म्हणून पत्र. उत्तर शेजारच्या शोभनाकाकूंच्या पत्त्यावर पाठव.

गुरुवारी सोनोग्राफी झाली. बाहेर इलाने भोकाड पसरलं म्हणून केदार उठून गेला, तेवढ्यात त्या टेक्निशियन बाईने हसत सांगून टाकलं, मुलगी आहे. अगदी बक्षीस लागल्यासारखं! गाडीत केदारने विचारलं. मी मुलगा म्हणाले.

ताई, मागच्या वर्षी नागपुरात माझं मिसकॅरेज झालं नव्हतं. इथे मुलगी कळली आणि आठवड्यात तिकिटं आली. तुझ्याशीही खोटं बोलले, माफ कर. आता विसावा आठवडा उलटेपर्यंत दम धरायचाय, मग तिथलाही डॉक्टर हात लावणार नाही. पळून जाऊ कुठे? व्हिसा केदारच्या नोकरीवर, पासपोर्ट त्याच्या कपाटात, आणि मला साधी गाडीही चालवता येत नाही.

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त लागेल.
तुझी रत्ना

नागपूर, १७ सप्टेंबर

चि. सौ. रत्नास,
अ. आ.

मूर्ख मुली! मागच्या वर्षी माझ्याच घरात चार दिवस भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस आणि मी तुला डिंकाचे लाडू भरवत होते. मला कळलं कसं नाही, याचाच संताप येतोय. इथे सोनोग्राफीच्या दारावर पाटी असते, गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे म्हणून. आणि तुम्ही तिकडून विचारून येता!

केदारचा फोन आला होता. नुसता उड्या मारत होता. मी अभिनंदन केलं; जीभ झडली नाही हेच नशीब.

आता खोटं तसंच रेट. डॉक्टरीणबाईंना विश्वासात घे. मी व्हिसाला अर्ज करतेय, बाळंतपणाला येते. इलाला पापा.

जपून राहा गं, दोघी नाही, तिघी.
तुझी ताई

मॉरिसव्हिल, २८ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल क्लबहाउसमध्ये डोहाळेजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं. सासूबाईंनी दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी एकीचं झाकण उचललं. पेढा निघाला, टाळ्या पडल्या! तेवढ्यात इलाने दुसरं झाकण उचललं आणि ओरडली, आजीने चीटिंग केलं, यातही पेढाच आहे. सगळ्या हसल्या. सासूबाईही हसल्या. म्हणाल्या, नातू ठरलेलाच आहे, उगाच बर्फी कशाला करायची?

वीस आठवडे उलटले, आता तिला कोणी काही करू शकत नाही, एवढं पदरात पडलं. पण वीर हे नाव ठरलंय, स्वेटरवर विणूनही झालंय. सासूबाई मला बसल्या जागी तूपभात देतात, केदार पोटाला कान लावून त्याच्याशी गप्पा मारतो. इलाच्या वेळी यातलं काही नव्हतं. पोटात आहे तोवरच तिचे लाड, ताई. फेब्रुवारी येऊच नये असं वाटतं.

व्हिसा मिळाला का? काहीही करून ये. ती बाहेर आली की सगळ्यांची तोंडं पडतील. तिला बघून आनंदाने हसणारं एक तरी माणूस त्या खोलीत हवं. मला त्या वेळी जमेल की नाही, सांगता येत नाही.

येतेस ना?
तुझी रत्ना